नकोआबा आणि बेदाण्याची ओंजळ

आबा माणसाकडे आधी बघत नसत. कुणाच्या दारात गेले की आधी कुत्र्याजवळ बसत. त्याचा ओठ वर करून हिरड्या बघत, पोटावरून हात फिरवत, आणि मग मालकाला विचारत, "काय घातलं हुतं ह्याला?" रामराम नाही की ख्यालीखुशाली नाही. मालकानं चहात बुडवलेलं बिस्कीट सांगो की कालचा मटणाचा रस्सा, आबांचं उत्तर ठरलेलं असे, "नको." या एका शब्दावरून गावानं त्यांना नकोआबा करून टाकलं. त्यांचं खरं नाव पेन्शनच्या पुस्तकावर होतं, ते तिथंच राहिलं.

आबा आमच्या गावचे नव्हते. वाईकडचे. मिलिटरीत कुत्र्यांच्या पथकात हवालदार होते, पुरलेला दारूगोळा हुंगून काढणारी कुत्री त्यांनी सांभाळलेली. बायको गेल्यावर लेकीनं, शालननं, त्यांना कवठे महांकाळ तालुक्यातल्या आमच्या गावी, आपल्या सासरी आणलं. आता लेकीच्या दारात राहणाऱ्या बापाला आपल्याकडे काय किंमत असते ते मी सांगायला नको. लोक खुर्ची देतात, चहा देतात, पण ऐकत नाहीत. त्यात हा माणूस गावाला शिकवायला लागला, आणि तेही कुत्र्यांनी काय खावं हे. गावाला आयतीच करमणूक मिळाली.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. थोडी द्राक्षबाग आहे, घरामागं बेदाण्याचं शेड आहे, आणि शेडला लागूनच शालनचं घर. त्यामुळे आबांची बैठक बहुतेक माझ्याकडेच असे. चाळीस वर्षं पोरांना एकच पाढा शिकवून मी दमलो होतो आणि हा माणूस सत्तरी ओलांडून एकच धडा दारोदार शिकवत होता. मला त्यांची कीव यायची आणि कंटाळाही यायचा, दोन्ही खरं.

धडा मोठा नव्हता. साधी भाकरी ताकात कुस्करून चालते. मोकळा भात, उकडलेलं अंडं, शिजवलेला भोपळा, गाजर, बिनमिठाचे भाजलेले चार शेंगदाणे, हाडं काढलेलं उकडं चिकन चालतं. कांदा नको, लसूण नको, त्यानं रक्त नासतं. शिजवलेली हाडं नकोत, ती सुईसारखी फुटतात आणि आतडं फाडतात. चॉकलेट नको. बिनसाखरेच्या च्युइंगमची तर गोळीसुद्धा तोंडाला लागू द्यायची नाही. द्राक्ष नको, बेदाणा नको. लोक म्हणत, "आवं आबा, आमची कुत्री काय विलायती हायेत व्हय? शिळंपाकं खाऊनच जगल्यात की." आबा म्हणत, "जी जगल्यात ती तुमास्नी दिसत्यात. मेलेली कुठं दिसत्यात?"

गावच्या यात्रेत घरोघर मटण असतं. त्या दुपारी आबा जेवायला कुणाकडे जात नसत. उष्ट्या पत्रावळ्यांच्या ढिगापाशी काठी घेऊन उभे राहत आणि कुत्री हाकलत. पाहुण्यांना वाटे, म्हातारा कुत्र्यांचा दुस्वास करतो. एका पाहुण्यानं तर त्यांना भूतदयेवर चार गोष्टी सुनावल्या. आबांनी ऐकून घेतल्या आणि काठी दुसऱ्या हातात धरली.

एकदा मी त्यांना इस्लामपूरला माझ्या भाच्याकडे नेलं होतं. तिथं नेमका त्याच्या लॅब्रॅडॉरचा वाढदिवस. दारात कुत्र्याच्या फोटोचा फ्लेक्स, त्याच्या गळ्यात हार, आणि समोर चॉकलेटचा केक. मेणबत्ती विझली, टाळ्या झाल्या आणि भाचा केकचा मोठा तुकडा घेऊन कुत्र्याकडे वळला. आबा उठले, त्याच्या हातातला तुकडा काढून घेतला आणि म्हणाले, "ह्याच्या वाटणीचा मी खातो. मला शुगर हाय, मी चार दिवस आजारी पडीन. ह्यो मरंल." आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी तो तुकडा खाल्ला. भाच्याची बायको रुसली. परतताना गाडीत आबा खिडकीला डोकं टेकून बसले होते. म्हणाले, "गुरुजी, कुत्र्याला आपली माया पचत न्हाई. त्याला भाकरी पचती. पण भाकरी घालून मालकाचं मन भरत न्हाई, आन् तितंच समदं घोडं आडतं." मी हसलो. वाक्य चांगलं आहे असं वाटलं. आपल्याला लागू आहे असं वाटलं नाही.

माझ्या शेडवर टिक्या होता. काळाभोर, कपाळावर पांढरा ठिपका, सात वर्षांचा. शेडची राखण तोच करी. आमच्या घरात वडिलांपासूनची एक रीत आहे. रॅकवर वाळलेला पहिला बेदाणा उतरला की पहिली ओंजळ देवापुढं आणि दुसरी राखणदाराच्या पुढं. राखणदार म्हणजे शेडवरचा कुत्रा. वडिलांच्या काळापासून आमच्या कुत्र्यांनी बेदाणा खाल्ला होता आणि काही झालं नव्हतं. गेल्या वर्षी चैत्रात माल उतरायच्या आदल्या दिवशी आबा आले. टिक्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "गुरुजी, उद्या देवाला ठेवा. ह्याला नको."

मला राग आला. द्राक्षावर आमचा तालुका उभा आहे, आणि वाईचा माणूस येऊन आमच्या बेदाण्याला विष म्हणतो? "आबा, आमच्यात रीत आहे," एवढंच मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवापुढं ओंजळ ठेवली आणि दुसरी टिक्यापुढं. खोटं कशाला बोलू, आदल्या दिवशीच्या रागानं ती जरा मोठीच भरली होती. टिक्यानं शेपूट हलवत सगळी फस्त केली.

त्याच दुपारनंतर तो ओकायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीला तोंड लावेना. आबा आले, त्याच्याजवळ बसले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हणालो, "भाकरीच."

चाळीस वर्षं मी पोरांना खरं बोलायला शिकवलं. पण त्या क्षणी त्या म्हाताऱ्यापुढं हार खायची माझी तयारी नव्हती. आबांनी माझ्याकडं बघितलं, मग कुत्र्याकडं बघितलं. "मग ऊन बाधलं आसंल," म्हणाले आणि त्याला सावलीत घेतलं, पाणी पाजलं. माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा आले. "ह्यो मुतलाय का कालपासनं?" त्यांनी विचारलं. मुतला नव्हता. त्यांचा चेहरा उतरलेला बघून माझं धैर्य गळालं आणि मी सांगून टाकलं. वाटलं, आता हा माणूस मला फाडून खाणार. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "चला, गाडी काढा."

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, मूत्रपिंडं बंद पडत आली आहेत. म्हणाला, बेदाण्याचं असंच आहे, एखादं कुत्रं सूपभर खाऊन धडधाकट राहतं आणि एखाद्याला मूठभरही पुरतो, आधी कुणाला सांगता येत नाही. "खाल्ल्या खाल्ल्या आणलं असतं तर उलटी करवून बाहेर काढला असता. निदान काल तरी आणायचं होतं." आबा माझ्या शेजारीच उभे होते. ते भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत राहिले.

दोन दिवस सलाईन चाललं. डॉक्टरनं सुई लावून दिली होती, बाटल्या कशा बदलायच्या ते आबांना मिलिटरीपासून ठाऊक होतं. शेडच्या खांबाला बाटली बांधून ते टिक्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. बेदाणा निवडायला येणाऱ्या बाया येता-जाता बघत. शनिवारी दुपारी टिक्या गेला. मी रडलो. आबांनी सुई काढली, त्याचे डोळे मिटले आणि त्याच्या कपाळावरच्या ठिपक्यावर बराच वेळ हात ठेवून बसले.

संध्याकाळी सोसायटीच्या ओसरीवर कुणीतरी विचारलं, "गुरुजी, कुत्रं कशानं गेलं वो?" मी म्हणालो, "काय कळलं नाही. आबा सलाईन लावत होते." या दोन वाक्यांतलं दुसरं खरं होतं. पुढचं गावानं जुळवलं. म्हाताऱ्यानं डॉक्टरकी केली आणि गुरुजींचं चांगलं कुत्रं मारलं. बायांनी बाटली बघितलीच होती, साक्षीदार शोधायची गरजच नव्हती. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलो, आणि अशा गोष्टी जेवढ्या पुढं ढकलाव्यात तेवढ्या जड होतात.

त्यानंतर आबा गल्लीत दिसले की लोक आपली कुत्री आत घ्यायला लागले. ज्या दारात त्यांना हसत होते त्या दारात आता कडी लागायची. आबांच्या ते लक्षात यायला दोन-तीन दारं लागली. मग त्यांनी जाणं सोडलं. माझ्याकडे मात्र येत राहिले. ओसरीवर बसत, पाऊसपाण्याचं बोलत, चहा पीत, रिकामी कपबशी हातात धरून जरा वेळ बसत आणि मग उठत. सहा महिन्यांत त्यांनी टिक्याचा विषय एकदाही काढला नाही. मला वाटे, माणूस मोठ्या मनाचा आहे, विसरला. एकदाच म्हणाले, "मिलिटरीत आमी सांगितलं की झालं, गुरुजी. हितं पटवावं लागतं. ते मला जमलं न्हाई." मी म्हणालो, "जाऊ द्या आबा." याहून नेभळट उत्तर मी आयुष्यात दिलेलं नाही.

दिवाळी झाली आणि ते वाईला पुतण्याकडे निघून गेले. एसटीत बसवायला मी गेलो होतो. त्यांनी हात जोडले, मीही जोडले. माघात ते गेल्याचा निरोप आला. झोपेतच गेले म्हणे, हाल झाले नाहीत.

दहाव्याला मी वाईला गेलो. कृष्णेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवला, माणसं पांगली, शालन एकटीच पायरीवर बसली होती. मी तिच्याजवळ गेलो आणि सगळं सांगितलं. रागानं भरलेली ओंजळ, "भाकरीच" म्हणालो ते, ओसरीवर बोललो ते. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला ठावं हाय, गुरुजी," ती म्हणाली. "डॉक्टरानं पावतीवर बेदाण्याचं लिवलेलं मी तवाच वाचलं हुतं. मी आबास्नी म्हणलं, जावा आन् गावाला सांगा, न्हाईतर मी सांगती. तर म्हणले, तू गप बस. गुरुजी भला माणूस हाय, त्यो आपणहून सांगंल. म्हणून तर रोज तुमच्याकडं येऊन बसत हुते."

शालननं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता मला सांगून काय उपेग? गावाला सांगा. त्या गावात मला ऱ्हायाचं हाय. हिच्या बापानं कुत्रं मारलं, म्हणत्यात अजून."

गावात आल्यावर मी सांगितलं. सोसायटीच्या त्याच ओसरीवर, पंधरा-वीस माणसं असताना, उभं राहून सांगितलं. कुणी मान हलवली, कुणी मोबाईलमध्ये बघितलं. चेअरमन म्हणाले, "जाऊ द्या की गुरुजी, कुत्रंच तर हुतं." एकानं विचारलं, "मग थोडा घातला तर चालतो का?" त्याला मी समजावून सांगितलं की थोडाही चालत नाही. त्याला पटलेलं दिसलं नाही.

घरी येताना शालनच्या दारावरून आलो. बातमी माझ्या आधी तिच्यापर्यंत पोचली होती. तिनं खुर्ची पुसली, ओसरीवर ठेवली आणि म्हणाली, "या गुरुजी, च्या घिऊन जावा." वर्षभरात पहिल्यांदा तिनं मला घरात बोलावलं होतं. मी पायरीपर्यंत गेलो. पुढं पाय उचलला नाही.