खुर्चीमागे उभे असलेले साहेब

मसाटच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसला होतो. शिफ्ट चालू असताना बाहेर जायचं तर कामगाराला माझ्याकडून गेटपास घ्यावा लागे. "आज कुणालाही सोडू नका," असा मॅनेजर साहेबांचा फोन अनेकदा यायचा. मी "जी सर" म्हणून फोन ठेवायचो आणि ज्याची अडचण खरी वाटेल त्याला पास लिहून द्यायचो. त्याचा मला थोडा अभिमानही होता.

त्या दुपारी साहेब हजेरी बघायला आले होते आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. तेवढ्यात खिडकीत माझा खोलीवरचा सोबती आला. तो धुळ्याकडचा. सामरवरणीला आम्ही सहा वर्षं एकाच खोलीत राहत होतो.

"भाऊ, छातीत दुखतंय. दवाखान्यात जाऊन येतो, पास दे."

त्याचा चेहरा घामानं भिजला होता. साहेब काहीच बोलले नाहीत. मीच म्हणालो, "शिफ्ट संपल्यावर जा तुम्ही."

त्याला मी पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणालो. तो हसला. "बरं, साहेब!" म्हणाला आणि परत मशीनवर गेला. शिफ्ट संपायच्या आत तो तिथेच कोसळला, तो पुन्हा उठला नाही.

तेराव्याला मी त्याच्या गावी गेलो. त्याच्या थोरल्या भावानं माझा हात धरला. "तुम्ही तरी काय करणार? वरून ऑर्डर होती ना."

मी होकारार्थी मान हलवली. त्या दिवशी फोनसुद्धा आला नव्हता.