जानोशातला रेडिओ

माझ्या साडूने चौसाळ्याजवळ हायवेला लागून किल्ला बांधला. बोर्डावर 'पॅलेस' लिहिलं आहे आणि ते लग्नाचं कार्यालय आहे. पण चार बुरूज असल्यामुळे गावात सगळे किल्लाच म्हणतात. एका बुरुजात पाण्याची टाकी आहे, एकात जनरेटर, उरलेल्या दोनांत खुर्च्या. दाराशी दोन सिंह आहेत. ते घडवणाऱ्याने सिंह पाहिलेला नसावा. कुत्रा मात्र नीट पाहिलेला होता. मी माजलगावला कॉलेजात इतिहास शिकवत होतो, त्यामुळे उद्घाटनाच्या दिवशी साडूने मला विचारलं, "सर, हा कंच्या काळातला वाटतो?" मी म्हणालो, "आपल्याच."

किल्ल्यात एक शयनगृहही आहे. लग्नाला आलेल्या वरपक्षाला मुलीकडच्यांनी उतरायला जी जागा द्यायची, तिला आमच्याकडे जानोसा म्हणतात. पूर्वी शाळेच्या दोन खोल्या आणि सतरंज्या यावर भागत असे. व्याही त्या सतरंजीवर बसून रुसायचा, चार जण जाऊन त्याची समजूत काढायचे आणि मग लग्न लागायचं. साडूचं म्हणणं, रुसायला कारणच ठेवायचं नाही. म्हणून त्याने चार खांबांचा पलंग करवला. पलंग दारातून जाईना म्हणून दार मोठं केलं. दार फार मोठं दिसायला लागलं म्हणून त्याला मखमली पडदा लावला. उशाशी जुना लाकडी रेडिओ ठेवला. त्याच्या आतलं सगळं काढून तिथे ब्लूटूथचा स्पीकर बसवला होता, नवरदेव तयार होताना सनई वाजावी म्हणून. सनई फार दिवस कुणी लावली नाही. रेडिओ शोभेला राहिला.

मग एका लगीनसराईत ती खोली बोलायला लागली.

एका नवरदेवाची आत्या पलंगावर जरा आडवी झाली, तर उशापाशी खर्जातला आवाज म्हणाला, "या शय्येवर जो निजला, त्याने पहाट पाहिली नाही." आत्याबाई उठल्या त्या थेट पंगतीत जाऊन बसल्या. पुढच्या एका लग्नात नवरदेवाला फेटा बांधत असताना बाईची किंकाळी आली आणि तो अर्ध्या फेट्यानिशी बोहल्यावर पोचला. साडूने स्वतः दोनदा जाऊन, दार लावून बसून पाहिलं. काही नाही. तो एकटा गेला की खोली गप्प.

असल्या बातम्यांना एसटीची वाट पाहावी लागत नाही. ती कडा गावी पोचली, आणि साडूच्या मुलीचं लग्न कड्याच्याच मुलाशी ठरलेलं होतं. व्याही ऊसवाले, बागायतदार, मिशा राखून असलेले. त्यांचा फोन आला तेव्हा मी साडूच्या घरीच होतो.

"पावनं, लगीन आमच्याकडं करू," व्याही म्हणाले. "तुमच्या त्या खोलीत आमी उतरनार न्हाई."

"अवो, काई नाई तिथं."

"मंग लोक कावून पळत्यात?"

साडूने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "सर, मी सोताच्या पोरीचं लगीन दुसऱ्याच्या हॉलात लावलं, तर माझ्या हॉलात कोन लावंल?"

मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "हॉलचं जाऊ द्या काका. मला तिकडं जन्म काढायचाय. भाजीत मीठ जास्त झालं तरी म्हनतील, भुताच्या घरची हाय."

मी भूत मानत नाही, हे आमच्या नात्यात सर्वांना माहीत आहे, आणि त्यापायी काही घरच्या कार्यांना मला मुद्दाम उशिरा निरोप येतो. आता तोच दोष पात्रता ठरला. पुढच्या लग्नाच्या दिवशी मी त्या खोलीत जाऊन निजायचं आणि सगळ्यांसमक्ष धडधाकट बाहेर यायचं, असं ठरलं.

त्या दिवशीचा वरपक्ष अंगणात खुर्च्या टाकून बसला होता. कुणी आत यायला तयार नव्हतं. साडूने बाहेरचं मेन बटण दाबलं, तसे खोलीतले दिवे, एसी, सगळं एकदम सुरू झालं. पाहुणे नसले की तो हे बटण बंद ठेवतो. वीजबिलाच्या बाबतीत तो राजा नाही. जेवण जड झालं होतं. मी पलंगावर पडलो आणि डोळा लागणार एवढ्यात रेडिओत खरखर झाली. वारा सुटला. दार करकरलं. आणि तो आवाज म्हणाला, "सरदारसाहेब, पूर्वेकडचं शयनगृह सोडून कुठंही निजा."

मला भीती वाटली नाही, कारण हे मी ऐकलेलं होतं. लहानपणी माजलगावला शेजाऱ्यांच्या ओसरीवर आम्ही आळीतले सगळे ही रेडिओवरची श्रुतिका ऐकायला जमायचो. कुठल्याशा परदेशी किल्ल्यातली शापित खोली, तिथला कारभारी, तिथे एकामागून एक येणारे पाहुणे. शेवटच्या भागाच्या वेळी वीज गेली. त्या काळातल्या बहुतेक रहस्यांचा उलगडा आमच्याकडे असाच झाला.

मी उशी नीट केली आणि ऐकायला लागलो. आवाज मात्र उगाचच वाढत चालला होता. सरदारसाहेब कुजबुजत होते आणि ती कुजबुज अंगणापर्यंत जात होती. तेवढ्यात मागच्या खिडकीबाहेर कुणीतरी म्हणालं, "पुन्ना मुका झालास का बे?"

मी खिडकी उघडली. कडुनिंबाखाली लोखंडी पलंगावर साडूचे वडील बसले होते. घरात त्यांना आप्पा म्हणतात. ते हातातला फोन मांडीवर आपटत होते.

"काय झालं आप्पा?"

"ह्यो फोन. घरी ब्येस बोलतो. हितं आलं की मुका. आवाज चढवतो, चढवतो, काई न्हाई. पोरगं म्हनतंय, तुमचे कान गेले."

त्यांनी पुन्हा आवाज चढवला. माझ्या पाठीमागे कारभारी गरजला.

आमच्याकडे फोनचा वारसा उलटा चालतो. मुलाने नवा घेतला की जुना बापाकडे येतो. साडूने स्पीकर बसवताना ज्या फोनशी तो जोडला होता, तोच फोन आता आप्पांकडे होता. नातीने त्यांना त्यावर जुन्या श्रुतिका लावून दिल्या होत्या. किल्ल्यावर लग्न असलं की आप्पा जेवायला यायचे आणि बँड नको म्हणून मागच्या भिंतीला बसायचे. पाहुणे उतरले की मेन बटण दाबलं जायचं, रेडिओ जुनी ओळख काढायचा, आणि आप्पांचा फोन मुका होऊन खोली बोलायला लागायची.

मी साडूला बोलावून दाखवलं. त्याचा चेहरा आधी उजळला, मग उतरला.

"म्हंजे आप्पांचे कान चांगले हायत?"

"लई चांगले," आप्पा म्हणाले. "समदं ऐकलंय."

ऐकू येत नाही म्हणून घरात त्यांच्यासमोर वर्षभर काय काय बोललं गेलं होतं, ते आठवत साडू बराच वेळ उभा राहिला. मग त्याने कड्याला फोन लावला आणि मी सविस्तर खुलासा केला. मला वाटलं, व्याह्यांना आनंद होईल.

"ते खरं असंल सर," व्याही म्हणाले. "पर आमी चार गावांत सांगून बसलोत, उतरनार न्हाई म्हनून. आता ब्लूटूथ व्हतं म्हनून उतरलो, तर आमचं काय ऱ्हायलं?"

वादात भुतापुढे माघार घेता येते, स्पीकरपुढे घेता येत नाही. साडू माझ्याकडे पाहत होता, मुलगी त्याच्याकडे. आप्पांनी हात पुढे केला. "आन हिकडं फोन."

"पावनं, मी आप्पा बोलतोय. ह्या शिकल्याल्यांचं सोडा. खोली बेकार हाय. तिथं हिमतीचा मानूस उतरला तरच ती साफ हुईल. माझ्या डोळ्यापुढं तुमी व्हते. तुमाला जमत नसंल तर दुसरा बघतो."



"तसं न्हाई आप्पा," व्याही म्हणाले. "भ्यायचं काय त्यात."

लग्नाच्या दिवशी दोन्ही गावांच्या देखत व्याही नारळ घेऊन त्या खोलीत एकटे शिरले. दार लागलं. बटण दाबलं. आप्पा फोन घेऊन मागे कडुनिंबाखाली बसले होते. सगळं ठरलेलं होतं. थोडं ऐकायचं, एक नारळ फोडायचा आणि बाहेर यायचं. नारळ फुटल्याचा आवाज आला. व्याही आले नाहीत. मंडपातून लग्न लावणाऱ्या जंगमांचा दोनदा निरोप आला. मुलगी हार घेऊन उभी होती आणि दाराकडे पाहत होती. शेवटी साडू आणि मी आत गेलो.

व्याही बूट काढून, कपाळावर हात ठेवून पलंगावर पडले होते. खोबरं खात होते.

"पावनं, अक्षता खोळंबल्यात," साडू म्हणाला.

"थांबा. कारभाऱ्याला धरलंय."

शेवटचा भाग चालू होता. मी पायथ्याशी बसलो. साडूने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती अजून माझ्या लक्षात आहे.

उलगडा असा होता की शाप कधी नव्हताच. नातेवाईक मुक्कामाला येऊ नयेत म्हणून किल्ल्याच्या मालकानेच ती अफवा उठवली होती. व्याही सावकाश उठले, बूट घातले, चारही खांबांकडे पाहिलं आणि मग साडूकडे.

"मानूस शहाना व्हता," ते म्हणाले. "तुमच्या डोक्यात असलं काई नव्हतं ना पावनं?"

साडूने हात जोडले. व्याही दाराबाहेर गेले, मिशीवरून हात फिरवला आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "चला. बोललो त्याच्याशी."

मध्यंतरी मुलीचा कड्याहून फोन आला होता. मी तब्येत विचारली, आणि कुणी काही बोलतं का, तेही विचारलं.

"मला कोन काय बोलनार काका," ती म्हणाली. "इथं मामंजीच बोलतात. भूत सांगून सांगून सिंहाएवढं झालंय आता."

"कुठल्या सिंहाएवढं?"

"आपल्या दारातल्या."

मी म्हणालो, मग ठीक आहे.