तीन सह्यांचा कागद

मीनलला हे माहीत नाही. मुलीला नाही. ज्या मित्रांना मी सौदीच्या गोष्टी रंगवून सांगतो — वाळूच्या वादळाच्या, कफीलच्या, म्हणजे तिकडच्या मालकाच्या, तऱ्हेवाईकपणाच्या — त्यांनाही नाही. वीस वर्षं होत आली. या एका गोष्टीपाशी आलो की मी चहा मागवतो आणि विषय बदलतो. आज बदलणार नाही. तुम्ही मला समजून वगैरे घेऊ नका, नुसतं ऐका.

मी मूळचा नाशिकचा. दोन हजार तीन साली जुबैलच्या एका पेट्रोकेमिकल प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर म्हणून लागलो. कॅम्पात एकटाच राहायचो, आणि शेजारच्या खोलीत होता एमेका. नायजेरियाचा, इन्स्पेक्शन इंजिनिअर, उंच, आवाज असा की कुजबुजला तरी तिसऱ्या खोलीत ऐकू यावं. दर शुक्रवारी सकाळी आम्ही माझ्या खोलीत आल्याचा चहा प्यायचो आणि तो मला त्याच्या देशाचं राजकारण शिकवायचा. तिथं मोठे समाज तीन — उत्तरेचे हौसा, पश्चिमेचे योरुबा आणि पूर्वेचे इग्बो. एमेका इग्बो. त्याच्या वडिलांच्या तरुणपणी पूर्वेनं वेगळा देश मागितला, मोठं युद्ध झालं, माणसं उपासमारीनं मेली, पूर्व हरली. वडील त्या युद्धात लढले होते. तेव्हापासून, एमेका म्हणायचा, आमचा एकही माणूस देशाच्या सर्वांत वरच्या खुर्चीवर बसलेला नाही. दुकानं आमची, डॉक्टर आमचे, इंजिनिअर आमचे — पण खुर्चीचा विषय निघाला की नंबर कायम दुसऱ्याचा.

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, आमचंही तसंच आहे. महाराष्ट्रात दर निवडणुकीला चहाच्या टपरीवर हीच चर्चा असते — आपला माणूस दिल्लीच्या त्या खुर्चीवर का बसत नाही? तो इतका हसला की कपातला चहा सांडला. त्या दिवसापासून मी त्याचा ब्रदर झालो. हे मुद्दाम सांगतोय. त्याचं दुःख मला कळत नव्हतं, अशी पळवाट मला नको.

कॅम्पात तीस-पस्तीस नायजेरियन होते. संघटना हा शब्द तिकडे मोठ्यानं उच्चारायचा नसतो, म्हणून त्यांनी आपल्या मंडळाला नाव दिलं होतं जेवण कमिटी. महिन्यातून एका शुक्रवारी नमाज झाल्यावर मेसच्या मागच्या हॉलमध्ये एकत्र जेवायचं. कमिटीला एक अध्यक्ष. आणि अध्यक्षाचा मान म्हणजे कोला फोडणं. कोला हे एक कडवट बी असतं, आपल्या सुपारीसारखं. पाहुण्याला आधी ते फोडून द्यायचं, फोडणाऱ्यानं आपल्या भाषेत प्रार्थना म्हणायची आणि मग सगळ्यांनी जेवायचं. हजला येणारी हौसा माणसं ते सामानातून आणायची.

अध्यक्ष कोण, यावरून दोन हजार चार साली इतकी भांडणं झाली की शेवटी तिघं माझ्या खोलीत आले. एक हौसा डॉक्टर, एक योरुबा फोरमन आणि एमेका. त्यांनी एक कागद लिहिला. पहिलं वर्ष उत्तरेचं, दुसरं पश्चिमेचं, तिसरं पूर्वेचं, दर रमझान ईदनंतर बदल. खाली तीन सह्या. प्रत एकच, कारण असले कागद फार ठिकाणी असणं कुणालाच नको होतं. ठेवायचा कुणाकडे? एकमेकांवर त्यांचा भरवसा नव्हता, माझ्यावर होता. मी हिंदू, हिंदुस्थानी, कुणाच्याच बाजूचा नाही. मी तो माझ्या डिग्रीच्या फाइलमध्ये ठेवला. खरं सांगू? मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

आता दोन हजार सहाचा उन्हाळा. प्लँटचं शटडाउन होतं, दुरुस्तीसाठी सगळं बंद. दाब मोजणारी अकरा उपकरणं तपासून, त्यांवर नव्या तारखेचे स्टिकर लावून, कागदांवर सह्या करायच्या होत्या. बाहेर पत्र्याला हात लावला तर फोड येईल असं ऊन. टेक्निशियन म्हणाला, खलास सर, सगळं झालं. मी एसी केबिनमध्ये बसून अकराच्या अकरा सह्या ठोकल्या. तुम्ही म्हणाल, सगळेच करतात. एमेका करत नव्हता. तो स्वतः वर चढून गेला आणि एका उपकरणावरचा मागच्या वर्षीचा स्टिकर नखानं सोलून घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये, मॅनेजरसमोर, वीस माणसांसमोर त्यानं तो स्टिकर टेबलावर चिकटवला. "मिस्टर देवरे यांनी हे खुर्चीत बसून तपासलं आहे," म्हणाला. वीस माणसं हसली. माझा मराठी बोलणारा ज्युनिअरसुद्धा हसला.

त्या महिन्यात माझी ग्रेड वाढायची होती. ग्रेड वाढली की फॅमिली स्टेटस, आणि ते मिळालं की मीनल आणि मुलगी इकडे. मीनलनं शाळेतली नोकरी सोडली होती. मुलीचा दाखला काढला होता. सगळं वर्षभर पुढे गेलं. मी फोनवर सांगितलं, कंपनीचे नियम बदलले. ती म्हणाली, "ठीक आहे, परत विचारते शाळेत." शाळेनं तिला परत घेतलं नाही. ती वर्षभर घरी बसून होती, आणि नियम कसले बदलले हे तिनं मला कधी विचारलं नाही.

आणि एमेका? मीटिंग झाली त्याच संध्याकाळी त्यानं माझं दार वाजवलं. हातात तळलेल्या केळ्यांची ताटली. "काम संपलं, ब्रदर. चल, चहा कर." त्याच्या दृष्टीनं हिशेब मिटला होता — चूक होती, दाखवली, झालं. मी चहा केला. हसलोसुद्धा. आणि पातेल्यातल्या पाण्याकडे बघत मनाशी म्हणालो, बघून घेईन तुला. तो बरोबर होता, हे मला तेव्हाही कळत होतं. चुकला असता तर भांडून मोकळा झालो असतो. तो बरोबर होता म्हणूनच मी डूख धरला. पाच महिने धरला. रोज चहा पाजून धरला.

ईद झाली. नंबर पूर्वेचा, म्हणजे एमेकाचा. पण तोवर सह्या करणारा हौसा डॉक्टर फायनल एक्झिटवर, म्हणजे कायमचा, घरी गेला होता आणि फोरमन कॅनडात कुठेतरी होता, त्याचा पत्ता कुणाकडे नव्हता. नव्या लोकांनी करार नुसता ऐकलेला. कॅम्पात उत्तरेची माणसं जास्त, त्यांनी मालम सानीचं नाव पुढे केलं. हा सानी आमच्या स्टोअरचा मुख्य — शांत, पांढऱ्याशुभ्र झग्यातला, सगळ्यांना हवासा. त्यात त्यांच्या देशातली निवडणूक सहा महिन्यांवर आलेली आणि तिकडेही हाच वाद पेटलेला, पश्चिमेनंतर नंबर कुणाचा. जेवणाच्या टेबलावर भात थंड व्हायचा आणि ही माणसं भांडत बसायची.

गुरुवारी एमेका आला. "कागद आहे ना?"

"बघतो," मी म्हणालो. "असेल ना फाइलमध्ये. कुठे जातोय?"

तो निश्चिंत झाला. इतका, की त्यानं कुणाला भेटून मनधरणी केली नाही. त्यानं वडिलांना फोन केला. म्हातारा अंथरुणाला खिळलेला होता. एमेकानं त्यांना सांगितलं की उद्या हौसा आणि योरुबा समोर बसतील आणि मी आपल्या भाषेत प्रार्थना म्हणून कोला फोडीन, फोटो पाठवतो. हे मला कसं माहीत? भिंत पातळ होती आणि त्याचा आवाज तुम्हाला सांगितलाच. भाषा कळली नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानंच सगळं सांगितलं, दाढी करता करता, लहान मुलासारखं.

शुक्रवारी हॉलमध्ये मलाही बोलावणं होतं. तो आला तेव्हा अंगात त्यांच्याकडचा लांब शर्ट होता, सिंहाची तोंडं विणलेला. कॅमेरा एका मित्राच्या हातात दिलेला. वाद सुरू झाला आणि तो उठून म्हणाला की कागद आहे, देवरेकडे आहे, विचारा. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग मालम सानी उठला. तो काय म्हणाला ते मी विसरलेलो नाही. म्हणाला, "कागद असेल तर मी बाजूला होतो. एमेकाशी पहिला हात मी मिळवीन." बघा — म्हणजे त्या हॉलमध्ये अन्याय करायला कुणी टपलेलं नव्हतं. हौसा नाही, योरुबा नाही. सगळं माझ्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं.

मी म्हणालो, "असा काही कागद माझ्याकडे नाही. नुसतं बोलणं झालं होतं, तेसुद्धा पक्कं नाही."

कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता. सकाळीच फाइलमधून काढून, चार घड्या घालून ठेवलेला. देऊ की नको असं माझं चाललं होतं, असं तुम्हाला वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाका. मी तो न देण्यासाठीच आणला होता. कपाटात ठेवून नाही म्हणणं वेगळं आणि छातीशी ठेवून नाही म्हणणं वेगळं. मला ती मजा हवी होती.

एमेका माझ्याकडे बघत राहिला. "काल तू हो म्हणालास."

"मी बघतो म्हणालो होतो."

मागून कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, या इग्बोंचं नेहमी हेच, सगळं आपल्यालाच हवं, आणि पुरावे कुणी न पाहिलेले. आणखी चारजण हसले. मीटिंगमध्ये हसले होते तसेच. मी माणसं मोजली नाहीत, पण वीसच्या वर होती आणि मला ते बरं वाटलं. फार बरं वाटलं. एमेका वाद न घालता खाली बसला. सानीनं कोला फोडला, त्याच्या भाषेत प्रार्थना म्हटली, आणि एक तुकडा आधी एमेकाला दिला. एमेकानं तो घेतला. मलाही तुकडा मिळाला. कडू होता, मी सगळा चावून खाल्ला.

त्यानंतर त्यानं माझं दार कधी वाजवलं नाही. कुणाकडे तक्रारही केली नाही. वसंतात त्यांच्या देशातली निवडणूक झाली, खुर्ची उत्तरेला गेली. मेसच्या टीव्हीवर बातमी लागली तेव्हा तो माझ्यापासून दोन टेबलं पलीकडे जेवत होता. मी वाकून त्याचा चेहरा बघितला. असा होतो मी.

त्याच वर्षी माझी ग्रेड वाढली. मीनल आली, मुलगी आली. एमेकाचा माझ्याशी नुसता मानेनं नमस्कार, पण बाजारात मीनल भेटली की तो तिच्या पिशव्या गाडीपर्यंत नेऊन द्यायचा. ती अजून विचारते, तुमचे ते एमेका कसे आहेत हो?

दोन हजार आठला तो फायनल एक्झिटवर निघाला. निघण्याच्या आदल्या दुपारी आमच्या घरी आला, मीनलचा निरोप घ्यायला. हुफूफच्या खजुरांचा डबा आणला होता. ती चहा ठेवायला आत गेली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघंच समोरासमोर बसलो. कागदाबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. आवाजही चढवला नाही.

"माझे वडील गेले," तो म्हणाला. "त्या शुक्रवारनंतर अकरा दिवसांनी. रोज विचारायचे, फोडलास का कोला? सगळे बसले होते का?"

मी खजुरांच्या डब्याचं झाकण नीट बसवलं.

"मी हो सांगितलं," तो म्हणाला. "सगळे बसले होते म्हणून सांगितलं. फोटो धुवायला टाकलाय म्हणून सांगितलं."

हा तो माणूस — जो एका स्टिकरसाठी त्या उन्हात शिडी चढून गेला होता. बापाच्या शेवटच्या दिवसांत तो खोटं बोलला, कारण मी त्याच्या हातात दुसरं काही ठेवलं नव्हतं. हे मला त्याच क्षणी लख्ख कळलं. आणि कळल्यावर मला काय वाटलं, ते सांगायलाच मी आज बसलो आहे. मला लाज नाही वाटली. ती पुढे आली, फार उशिरा आली. त्या क्षणी खजुराच्या डब्याकडे बघत मी मनात म्हणालो — घे. आता तूही खुर्चीत बसून सही केलीस.

मीनल चहा घेऊन आली. तो आल्याचा वास घेऊन हसला, कप संपवला आणि गेला.

कागद अजून माझ्याकडे आहे. नाशिकला, डिग्रीच्या त्याच फाइलमध्ये. चार घड्यांवर फाटायला आला आहे, पण तिन्ही सह्या स्वच्छ वाचता येतात. एमेकाचा पत्ता मीनलच्या डायरीत आहे. पत्ता नव्हता म्हणून पाठवला नाही, असंही मला कधी म्हणता येणार नाही.