ब्रेकबाईचं बाळंतपण

ड्रायव्हिंग स्कूलमधले विद्यार्थी तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठ फिरली की ब्रेकबाई. हे नाव तिने स्वकष्टाने कमावलं होतं. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाकीचे मास्तर तो जिवावर बेतलं तरच दाबतात. ही बाई समोर कबुतर दिसलं तरी दाबायची. तिच्या हाताखालून गेलेल्यांपैकी कुणी कधी कुणाला खरचटवलंसुद्धा नाही हे खरं, पण तिच्या गाडीत बसून कुणी कुठे वेळेवर पोचल्याचंही ऐकिवात नव्हतं. तिचं ठाम मत होतं की माणसाला उपजत म्हणून काही येत नाही. सगळं शिकवावं लागतं, आणि शिकवणाऱ्याचा पाय ब्रेकवरून हलला की कारभार आटोपला.

नवराही तिचाच विद्यार्थी. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारा, सालस माणूस, पण गाडीच्या बाबतीत निव्वळ दगड. परीक्षेला इतक्यांदा बसला की परीक्षक त्याला घरची खुशाली विचारू लागले. लायसन्स मिळेना, तेव्हा त्याने मास्तरणीलाच मागणी घातली. घरात दोघं एकमेकांना तू म्हणत. पण तो स्टिअरिंगमागे बसला की ती त्याला ‘तुम्ही’ म्हणू लागे आणि तो तिला ‘मॅडम’.

दिवस राहिले तशी तिने रीतसर तयारी केली. पुस्तकं वाचली, श्वास कसा घ्यायचा त्याच्या वर्गाला गेली, दवाखान्याचा रस्ता पाठ केला. कळा सुरू झाल्या की स्वतः गाडी चालवत जायचं, असा बेत होता.

“अगं, बाळंतपणाला कुणी स्वतः गाडी हाकत जातं का?” सासूबाई म्हणाल्या.

“मग कुणाच्या हातात देऊ, आई?”

कळांना ती भीत नव्हती. धास्ती होती ती पुढची. एवढासा जीव, त्याला काही म्हणजे काही येत नसणार. ते सगळं आपणच शिकवायचं, आणि आपलंच काही चुकलं तर? हे तिने कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. गावभरच्या घाबरटांना धीर देणाऱ्या बाईने आपली भीती सांगायची तरी कुणाला?

कळा आल्या सकाळी, चहाच्या वेळी. ती ऐटीत शिकवायच्या गाडीत जाऊन बसली आणि बेत तिथेच फसला. सीट पुढे घेतली की पोट स्टिअरिंगला टेके, मागे घेतली की पाय पोचेनात. दवाखान्याची गाडी मागवली, तर ती दुसरीकडे गेलेली. मग घोडं जिथे अडणार होतं तिथेच अडलं. चालवायला उरला नवरा. त्याच्याकडे शिकाऊ परवाना होता, शेजारी शिक्षिका होती. कायद्याला बोट ठेवायला जागा नव्हती. सासूबाई पिशवी आणि थर्मास घेऊन मागे बसल्या.

“आरसा बघा. क्लच हळू सोडा. छान. आता दुसरा गि... आई गं!”

गाडी गचकन थांबली.

“सॉरी मॅडम,” नवरा म्हणाला.

“घाबरू नका. पुन्हा सुरू करा.”

गाडी कोपऱ्यापर्यंत गेली, कळ आली, गाडी थांबली. बेकरीसमोर कळ आली, गाडी थांबली. नवऱ्याला दरदरून घाम फुटला. मागचा ट्रकवाला मात्र टपावरची ‘शिकाऊ’ पाटी वाचून कमालीचा समजूतदार झाला होता. “सावकाश होऊ द्या साहेब,” तो खिडकीतून ओरडला, “आम्हाला काही घाई नाही!”

मोठ्या चौकात मधोमध गाडी थांबली तेव्हा शिट्टी फुंकत वाहतूक पोलीस आला. आत वाकून बघतो तर आपल्याच मॅडम, चेहरा लालबुंद, दात आवळलेले. शिकत असताना हा चेहरा त्याने पुष्कळदा पाहिला होता. त्याने शिट्टी खिशात घातली.

“मॅडम, माझं काही चुकलं का?”

“बाळ... येतंय,” ती कशीबशी म्हणाली.

पोलिसाने चारी बाजूंची वाहनं अडवली आणि तो गाडीपुढे चालू लागला. धावायची गरज नव्हती. उलट मधूनमधून थांबून तो मागे वळून बघत होता. अशी वरात पुढच्या वळणावर पोचली, तेव्हा सासूबाईंनी पुढच्या दोन सीटच्या मधून डोकं घातलं.

“अगं, तो कुठे थांबवतोय? तूच दाबतेयस!”

तिने खाली पाहिलं. उजवा पाय ब्रेकवर गच्च होता. इतक्या वर्षांत घाबरली की पाय तिथेच जायचा. आता कळ आली की तिला विचारल्याशिवायच जाऊन बसत होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा.

“पाय वर घे,” सासूबाईंनी फर्मावलं. “मांडी घाल.”

“गाडी आपटेल, आई.”

“आपटू दे.”

ती मांडी घालून बसली आणि तिने डोळे मिटून घेतले. पुढची कळ आली, ओसरली. तिने डोळे उघडले, तर गाडी चालत होती. नवरा बेसूर गुणगुणत होता आणि पोलीस खरोखरच धावत होता.

प्रसूतिगृहातल्या नर्सबाईंनी अख्ख्या गावाची पोरं या जगात आणली असावीत. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, “पिशवीचं तोंड पुरतं उघडलंय. कळ आली की खाली जोर दे.” कळ आली. एक, दोन, कितीतरी कळा आल्या आणि गेल्या. नर्सबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. “बाळाचे ठोके मंदावतायत,” त्या हलकेच म्हणाल्या. मग तिच्याकडे वळल्या.

“खरं सांग, तू ढकलतेयस की धरून ठेवतेयस?”

तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. “धरून ठेवतेय. आत आहे तोवर नीट आहे हो ते. बाहेर आल्यावर त्याला काही येणार नाही, आणि माझं काही चुकलं तर?”

नर्सबाई काही बोलणार, तोच उशाशी उभा असलेला नवरा वाकला. आयुष्यात पहिल्यांदाच तो तिला काही शिकवत होता.

“अगं, तू मांडी घालून बसलीस, तरी आणलं ना मी तुला? कुठे आपटलो का?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. कुठेच आपटले नव्हते. पुढची कळ आली आणि तिने अंगातलं सगळं सोडून दिलं. तोंडातून असा आवाज निघाला की बाहेर सासूबाईंच्या हातून थर्मास सुटला.

मुलगी झाली. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. “श्वास घे,” असं सांगायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात पोरीने टाहो फोडला.

नर्सबाईंनी तिला पुसून तशीच आईच्या छातीवर पालथी घातली. “आता काय करू? कसं धरू?” तिने विचारलं. “काही करू नकोस,” नर्सबाई म्हणाल्या. पोरगी थोडा वेळ निपचित पडून राहिली. मग तिने डोकं हलवलं, पाय रेटले, नाक घासत घासत इंचभर पुढे सरकली. धडपडली, थांबली, पुन्हा सरकली. आणि डोळेसुद्धा धड न उघडता तिने स्तन शोधून काढला, तोंडात धरला आणि चुटूचुटू ओढायला लागली.

“हिला हे कुणी शिकवलं?” तिने विचारलं.

“कोण शिकवणार?” नर्सबाई हात धुता धुता म्हणाल्या.

मग मात्र ती रडली, नवऱ्यासमोर, नर्सबाईंसमोर, दारातून डोकावणाऱ्या सासूबाईंसमोर, अगदी पोटभर. पोरीने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती पीत राहिली.