हात मागे ठेवून घेतलेली परीक्षा

आमचे चष्मेवाले काका कुत्र्यांचे मास्तर कसे झाले, हे काकूंनाही नीट सांगता येत नाही. "घरात माझं एक ऐकत नाहीत आणि निघालेत कुत्र्यांना ऐकायला शिकवायला," असं त्या चष्म्याच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना सांगतात. दर रविवारी सकाळी युवक मंडळाच्या पत्र्याच्या हॉलमध्ये माझ्यासकट दहा-बारा पोरं आणि तितकीच कुत्री जमायची. नखं कापणं, गोचीड काढणं, कान पुसणं, सगळं काका शिकवत. 'बस' म्हणताना तळहात खाली, 'थांब' म्हणताना समोर. वाहतूक पोलिसाने लाजावं असे हातवारे.

त्यात शिंपीणबाईंची बारा वर्षांची मुलगी आणि तिचा ढब्बू सगळ्यांच्या पुढे. ढब्बूची नजर तिच्या हातावरून हलायची नाही. "याला म्हणतात लक्ष," काका बाकीच्यांना सुनवायचे, "नाहीतर तुम्ही."

वर्षअखेरची परीक्षा कडक हवी म्हणून काकांनी नियम काढला: हात पाठीमागे, हुकूम फक्त तोंडाने. मुलगी म्हणाली, "ढब्बू, ये." तो जागचा हलला नाही. तीनदा बोलावलं. तो शेपूट हलवत, हात कुठे गेले म्हणून, तिच्या खांद्यांकडे बघत राहिला. काका पालकांसमोर म्हणाले, "वर्षभर नुसते लाडच केलेस वाटतं." हॉल हसला. मीही हसलो.

त्यानंतर ती आली नाही. दोन महिन्यांनी जनावरांचे डॉक्टर चष्म्याची काडी बदलायला आले आणि सहज बोलून गेले, "शिंपीणबाईंचा कुत्रा जन्माचा बहिरा आहे हो." काकांच्या हातातला स्क्रू घरंगळला. ढब्बूचे कान त्यांनी स्वतः कितीदा पुसले होते.

संध्याकाळी मला सोबत घेऊन ते तिच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं.

"बाळ, चुकलं माझं. परीक्षा पुन्हा घेतो. हात वापर."

"नको, काका."

"अगं, सगळ्यांसमोर सांगतो, दोष माझा म्हणून."

ती उंबऱ्याकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी घरी येऊन मी त्याला मारलं. लाड केले म्हणालात ना."

मुलीची माफी कशी मागायची, हे काका वाटभर घोकत आले होते. ढब्बूची कशी मागतात, हे त्यांना माहीत नव्हतं. तो मात्र ओळखीचा माणूस आला म्हणून त्यांच्या चपला चाटत होता.