घरटी एक शब्द

चांगुणाबाईंची गोष्ट मी आजवर पाच-सहा वेळा सांगितली आहे, आणि प्रत्येक वेळी अर्धीच. पहिला अर्धा भाग गमतीचा आहे. लोक हसतात, आणि तिथे थांबलं की सांगणाराही मोकळा होतो. उरलेला अर्धा माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. तो मी टाळत आलो. आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे आणि टाळायला फारसा अवधी राहिलेला नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

मी अवसरी बुद्रुकचा. चौतीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर घरात बसवेना, म्हणून इंटरनेटवरच्या एका मराठी शब्दकोशाचं काम अंगावर घेतलं. हा कोश कोणीही भरावा असा होता. ज्याला वाटेल त्याने शब्द सुचवायचा, अर्थ द्यायचा, वाक्यात उपयोग करून दाखवायचा, शंका असेल तर विचारायची. आलेल्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं हे आम्ही चार संपादक ठरवत असू. शेतीचे आणि खेड्यातले शब्द माझ्या वाट्याला आले होते.

एक दिवस 'अंगणवाडी क्रमांक दोन' या नावाने एक शंका आली. "एक इचारू का? कणगीचा अर्थ तुमी 'धान्य साठवण्याचे साधन' असा दिलाय. पत्र्याचा डबाबी साधनच हाय. कणगी विणत्यात, आन शेणानं लिपत्यात, हे कोण सांगणार?" मला वाटलं, कुठल्या तरी सरकारी योजनेचं खातं असावं आणि पलीकडे एखादा खट्याळ कारकून. अर्थ मात्र मी निमूट दुरुस्त केला, कारण शंका रास्त होती.

पुढे कळलं, त्या चांगुणाबाई, पिंपरी पेंढारच्या अंगणवाडी सेविका. वय साठीच्या आसपास. पोरांची वजनं भरण्यासाठी ऑफिसने फोन दिला होता आणि ती वजनं भरता भरताच त्या मराठी टाइप करायला शिकल्या होत्या. दुपारी पोरांची खिचडी उरकली, पोरं आडवी झाली, की अर्धा तास आमच्या कोशाचा. प्रत्येक शंकेची सुरुवात "एक इचारू का?" अशीच, आणि होकाराची वाट न बघता पुढचं वाक्य.

शब्दाचा अर्थही त्या पोरांसारखाच तोलत. राब म्हणजे 'शेत जाळणे' असं कोणीतरी लिहिलं होतं. बाईंचा शेरा आला, "वजन कमी भरतंय." मग त्यांनी सांगितलं की भाताचं रोप टाकायच्या जागेवर आधी पालापाचोळा, फांद्या, शेण पसरायचं, वर माती टाकायची आणि पावसाच्या आधी ते भाजायचं, तो राब. मी तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच शब्द आले, "आता बरोबर." चौतीस वर्षं दुसऱ्यांना मार्क देणारा मी त्या दोन शब्दांची वाट पाहू लागलो.

भानगड झाली ती वाक्यांवरून. कोशात प्रत्येक शब्दाला एक वाक्य लागे. बाईंची वाक्यं अशी असत: "धोंडूबाबाचं इरलं दोन माणसांचं होतं, कारण त्याची बायको पावसात त्याच्या मागं कधी चालली नाही, बरोबर चालली." "ठमाआत्याची कणगी भादव्यात तळाला जायची, तरी दारात आलेल्याला पायलीभर द्यायला ती कधी नाही म्हणाली नाही." "भागूच्या चुलत्यानं राब भाजता भाजता अंगावरचं धोतर भाजून घेतलं."

वाचून मी हसायचो आणि मग ती बदलायचो. वाक्य सर्वसाधारण असावं, त्यात खासगी माणसांची नावं नसावीत, असा नियम होता. तो नियम मीच लिहिला होता. धोंडूबाबाच्या वाक्याचं मी "पावसात इरले वापरतात" असं केलं. ठमाआत्याचं झालं "कणगीत धान्य ठेवतात." भागूच्या चुलत्याच्या जागी "शेतकऱ्याने राब भाजला." शाळेत वह्या तपासताना लाल पेन चालायचं तसंच बोट चालत होतं. बाईंनी विचारलं, "एक इचारू का? माझं वाक्य का बदाललं?" मी उत्तर दिलं, "नियमानुसार." एवढंच.

त्याच वर्षी मंचरला एका शाळेच्या खोलीत आम्ही कोशात भर घालणाऱ्यांना एकत्र बोलावलं. बारा-तेरा जण आले, बहुतेक पुण्याचे. चांगुणाबाई एसटीने आल्या. हिरवं इरकली लुगडं, हातात पिशवी, पिशवीत डबा. शंका विचारायची वेळ आली तेव्हा त्या पोरांसारखा हात वर करून उभ्या राहिल्या.

"एक इचारू का? तुमच्या कोशातला तो शेतकरी लई कामाचा हाय. राब भाजतो, बांध घालतो, बैल धुतो. सगळ्या पानांवर त्योच. त्याचं नाव काय?"

खोली हसली. मीही हसलो. मी म्हणालो, "बाई, वाक्य सगळ्यांचं असावं लागतं. नाव घातलं की ते एकाचं होतं."

"एकाचंच व्हतं की ते," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

चहाच्या वेळी त्यांनी माझं गाव विचारलं. अवसरी म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही एकाच गावात, उंबरमाळला, भीमाशंकराच्या अंगाला. धरण झालं तेव्हा ते गाव पाण्याखाली गेलं. बदल्यात मिळालेल्या जमिनीवर त्या पिंपरी पेंढारला आल्या. आणि त्याच धरणाचा कालवा आमच्या शिवारातून जातो. आमचा ऊस, बटाटा, सगळं त्यावर. मी जरा अवघडलो. त्या मात्र दिलेल्या लेकीची खुशाली विचारावी तशा म्हणाल्या, "मंग आमचं पाणी तुमच्याकडं हाय म्हना की. बरं हाय ना?" मी बरं आहे म्हणालो. त्या दिवसापासून त्यांनी मला सर म्हणणं सोडलं आणि भाऊ म्हणू लागल्या.

यानंतर त्यांनी उंबरा या शब्दाला एक वाक्य पाठवलं. शब्द कोशात होताच, त्यांना फक्त वाक्य घालायचं होतं. "माझ्या आईचा उंबरा काळ्या दगडाचा, मधोमध झिजलेला, सासरी निघाले तेव्हा मी त्या खळग्यात पाय ठेवून उभी राहिले, तो बरोबर बसला." मी ते काढलं आणि लिहिलं, "तो उंबऱ्यावर बसला." शेरा दिला, "अशा वाक्यांना संदर्भ आवश्यक." संदर्भ म्हणजे छापील पुस्तक, हे मी सांगितलं नाही. कळलंच पाहिजे असं मला वाटत होतं.

तीन आठवडे बाईंची एकही शंका आली नाही. मे महिना होता. मग एक फोटो आला. भेगाळलेला गाळ, दूरवर ओसरलेलं पाणी, आणि मधे एक काळा दगड, अर्धा मातीत. मधोमध झिजलेला. त्या खळग्यात एक पाऊल, जोडवी घातलेलं. खाली ओळ होती: "संदर्भ जोडला आहे."

धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की जुनी जोती उघडी पडतात. बाई दोन एसट्या बदलून, पुढे गाळातून चालत, आईचं घर शोधायला गेल्या होत्या. माझ्या नियमासाठी.

हाच तो गमतीचा भाग. कोशाला दहा वर्षं झाली तेव्हा आमचा सत्कार झाला. तिथे माईकवरून मी ही गोष्ट सांगितली: एका बाईंकडे संदर्भ मागितला तर त्यांनी दगडाचा फोटो पाठवला. लोक पोट धरून हसले. पुढे नातेवाइकांत, मित्रांत, जिथे जिथे सांगितली तिथे लोक हसलेच.

त्या सभेत जे सांगितलं नाही ते असं. फोटो पाहिला तेव्हा मला लाज वाटली होती. मी लगेच बाईंना फोन केला आणि म्हणालो, "संदर्भ पोचला. तुमची सगळी वाक्यं मी परत ठेवतो." त्या म्हणाल्या, "तुमी म्हनला म्हंजी झालंच, भाऊ." त्याच महिन्यात त्या निवृत्त झाल्या आणि ऑफिसचा फोन ऑफिसात गेला. मी आज करू, उद्या करू म्हणत राहिलो. ऊस तुटायला आला, नातीचं लग्न निघालं. वर्षभराने कोश नव्या ठिकाणी हलवायचा होता. तांत्रिक काम पाहणाऱ्या मुलीने विचारलं, जुन्या आवृत्त्या, बदलण्याआधीची वाक्यं, तीही आणायची का? वेळ फार लागेल. मी म्हणालो, "कशाला? शेवटची प्रत तेवढी घ्या." बाईंची वाक्यं त्या जुन्या आवृत्त्यांतच होती. ती गेली. मला ते दोन महिन्यांनी लक्षात आलं, आणि मी कोणाला बोललो नाही. सत्काराची सभा त्यानंतरची आहे.

गेल्या वर्षी त्यांच्या सुनेचा, मंगलचा, फोन आला. साखरेने सासूबाईंची नजर गेली आहे, अंथरुणावर असतात, तुम्हाला भेटायचं म्हणतात. मी पिंपरी पेंढारला गेलो. जाताना पक्कं ठरवलं होतं की सगळं सांगायचं.

बाई पडवीत खाटेवर होत्या. आवाजावरून ओळखलं. "आलं का पावणं. आमचं पाणी बरं हाय ना?" मग उशाखालून एक रजिस्टर काढून माझ्या हातात दिलं. अंगणवाडीचंच, पोरांच्या वजनाचे रकाने छापलेलं. पोराच्या नावाच्या रकान्यात घराचं नाव लिहिलं होतं, वजनाच्या रकान्यात एक शब्द. धोंडूबाबा, इरलं. ठमाआत्या, कणगी. आई, उंबरा. सदतीस ओळी, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण.

मी विचारलं, हे काय.

"गावची जत्रा असली की घरटी पाच भाकरी गोळा करायचो. एकबी घर सुटायचं न्हाई, लई गरिबाचंबी न्हाई. मनलं, तसंच करावं. घरटी एक शब्द. गाव तर राहिलं न्हाई, मंग कुठं ठेवायचं? तुमच्याकडं ठेवलं." त्या हसल्या. "सदतीस घरं. सगळी भरली."

मी रजिस्टर मिटून त्यांच्या उशाशी ठेवलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "एक इचारू का? मंगलला येळ नसतो, आन तिला ती मानसं ठावं न्हाईत. तुमी वाचून दावा. आईपसनं."

मी फोन काढला, उंबरा उघडलं. समोर होतं, 'तो उंबऱ्यावर बसला.' मी चष्मा सारखा केला आणि म्हणालो, "माझ्या आईचा उंबरा काळ्या दगडाचा, मधोमध झिजलेला, सासरी निघाले तेव्हा मी त्या खळग्यात पाय ठेवून उभी राहिले, तो बरोबर बसला."

बाईंनी मान हलवली. "आता बरोबर."

धोंडूबाबाचं इरलं मला पाठ होतं. ठमाआत्याची कणगीही. भागूचा चुलता वाचला तेव्हा त्या हसल्या, आतून मंगलही हसली. मग त्या म्हणाल्या, "लक्ष्मनदादाचं वाचा. बांध." मी बांध उघडलं. 'शेतकऱ्याने बांध घातला.' त्याआधी काय होतं ते मला आठवेना. मी स्क्रीनकडे बघत राहिलो. फोन विझला, पुन्हा लावला. बाई वाट बघत होत्या, चेहरा माझ्याकडे, नजर माझ्या खांद्याच्या पलीकडे.

मग त्या हळूच स्वतःच म्हणाल्या, "लक्ष्मनदादानं बांध घातला तो आपल्याच बाजूनं हातभर आत, भावाशी भांडान नको म्हनून." आणि मग, "ऱ्हाऊ द्या, भाऊ. तुमचं डोळं दमलं आसतील."

त्यांना कळलं होतं का? मी हा प्रश्न स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की आता मला दोन्ही उत्तरं खरी वाटतात.

निघताना मंगलचा हात धरून त्या पडवीच्या पायरीपर्यंत आल्या. नको म्हटलं तरी आल्या. "काही बोलायचं ऱ्हायलं का, भाऊ?" मी म्हणालो, नाही. पुन्हा येईन. त्या म्हणाल्या, या.

दोन महिन्यांनी त्या गेल्या. मंगलने रजिस्टर मला पाठवून दिलं. तुमच्याकडेच राहू द्या, असं सासूबाई म्हणाल्या होत्या, असा तिचा निरोप होता. मी माझा नियम मोडून आठवली तेवढी वाक्यं नावांसकट परत घातली. चौदा. लक्ष्मणदादाचं धरून. उरलेल्या तेवीस घरांपुढे शब्द आहेत, बरोबरच्या खुणा आहेत, आणि कोशात अजून तो शेतकरीच राबतो आहे.

त्या पायरीवर मला एवढंच म्हणायचं होतं: बाई, मी वाचलं ते तिथे नव्हतं. वाक्यं परत ठेवतो म्हणालो आणि ठेवली नाहीत. धोंडूबाबा, ठमाआत्या, लक्ष्मणदादा, तुमची आई, सगळ्यांची नावं मी माझ्या हाताने काढली, आणि वर तुमच्या दगडाच्या फोटोवर लोकांना हसवलं. मी चुकलो.