एका चाकाचं काम

इंदोऱ्यातल्या त्या गल्लीत देवरावाला सगळे डॉक्टर म्हणत. खरं तर तो बर्डीवरच्या बाजारातल्या एका दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवायचा. मागच्या खोलीत बसून साचे ओतणं, मेणात दात बसवणं, गुलाबी भुकटीत उग्र वासाचं पाणी कालवून हिरड्या तयार करणं आणि शेवटी त्या घासून गुळगुळीत करणं, एवढंच त्याचं काम. पेशंटचं तोंड त्यानं क्वचितच पाहिलेलं. पण दवाखान्यानं त्याला एक पांढरा कोट दिला होता, आणि हा शहाणा धुवायच्या निमित्तानं तो कोट अंगात घालूनच सायकलवरून घरी यायचा. मग काय विचारता! बायका त्याला पोरांच्या जिभा दाखवायच्या, म्हातारे मनगट पुढे करायचे. देवराव गंभीर चेहऱ्यानं पाहायचा आणि बहुतेकांना पालेभाजी खायला सांगायचा. पालेभाजीनं कोणाचं वाईट होत नाही, त्यामुळे त्याचं नाव टिकून होतं.

एका माणसाचं मात्र वाईट झालं, आणि ते त्याच्याच घरातलं होतं.

प्रेमिला त्याची थोरली बहीण. आई-बाप लवकर गेले, तेव्हा तिनंच त्याला वाढवलं. मिशनच्या एका दवाखान्यात ती चादरी, पडदे, नर्सबायांचे झगे शिवायची. त्या शिलाईवर देवरावाची शाळा झाली, कवळ्यांच्या कामातली उमेदवारी झाली, पुढे लग्नही झालं. स्वतःच्या लग्नाचा विषय कोणी काढला की ती मशीन इतकी जोरात चालवायची, की बोलणाऱ्याचं बोलणं त्या खडखडाटात बुडून जायचं.

सहासष्टच्या हिवाळ्यात तिथली एक गोरी नर्स मायदेशी निघाली. जाताना तिनं आपलं सामान वाटलं. कोणाला कंबल मिळालं, कोणाला स्टोव्ह. प्रेमिला उशिरा पोचली, म्हणून तिच्या वाट्याला उरलंसुरलं आलं: एक पुठ्ठ्याचं खोकं. वर जुन्या विलायती मोटारीचं चित्र होतं, उघड्या टपाची, मोठ्या गोल दिव्यांची, बाजूला पायरी असलेली. आत मोटार नव्हतीच. हिरव्या प्लॅस्टिकचे बारीक बारीक तुकडे, गोंदाची एक नळी आणि कसं जोडायचं याच्या चित्रांचा कागद. शेजारीण म्हणाली, फसवलं गोरीनं, मोडकी गाडी दिली. प्रेमिलेला तसं वाटलं नाही. तिच्या लेखी ते बेतून ठेवलेलं कापड होतं, आता फक्त जोडायचं राहिलं होतं.

रोज कामावरून आली की ती दारात उजेडाला बसायची आणि गाडी जोडायची. जन्मात कधी स्वतःसाठी काही शिवलं नव्हतं, पण ही गाडी ती स्वतःसाठी करत होती. त्याच दिवसांत तिला दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायला लागली होती. कपाळ ठणकायचं, चालताना दाराची चौकट खांद्याला लागायची. तिनं दोन-तीनदा देवरावाला सांगितलं. त्यानं डॉक्टर ओढतात तशी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि अशक्तपणा आहे म्हणाला. पालेभाजी खा, दिव्याशी शिवत बसू नको.

गाडी पुरी झाली, पण कशी? एक दार मिटेना, जोड वर-खाली, आणि पुढच्या दिव्यापाशी गोंदाचा भला मोठा गोळा सुकलेला. देवराव ती पाहून पोट धरून हसला. जिनं उभ्या आयुष्यात एक टाका वाकडा घातला नाही, तिच्या हातची गाडीच अशी कशी झाली, एवढा साधा प्रश्न त्या डॉक्टरला पडला नाही.

पुढे मेडिकलच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं तेव्हा काचबिंदू निघाला, आणि गेलेली नजर परत येत नसते हेही तिथं कळलं. इतके दिवस काय करत होता, असं तिथले डॉक्टर तापूनच विचारत होते. देवराव मागे उभा होता. प्रेमिलेनं शांतपणे सांगितलं की कामावरून सुट्टी मिळत नव्हती. तिनं त्याचं नाव घेतलं असतं, चारचौघांत शिव्या घातल्या असत्या, तर देवराव सुटला असता. तिनं त्याला झाकलं, आणि तो तिथंच अर्धा मेला. घरी आल्यावरही तिनं तो विषय कधी काढला नाही आणि काढायची त्याची छाती झाली नाही. त्या दिवसापासून कोट दवाखान्यातच खुंटीला राहू लागला. गल्ली मात्र त्याला डॉक्टरच म्हणत राहिली, आणि प्रत्येक हाकेला तो मान खाली घालून सायकल पुढे काढायचा.

मनात अपराध असलेला माणूस दुसऱ्याला जरा जास्तच सुख देतो. देवरावानं ताईसाठी रेडिओ आणला, खाटेला नवी पट्टी बांधली. ती नळापर्यंत आपली आपण जायची, तर हा मागून धावत जाऊन तिचा हात धरायचा. ती हात सोडवून घ्यायची, हा पुन्हा धरायचा. तिला काय हवंय ते विचारायचं मात्र त्याला सुचत नसे.

गाडी घरातल्या फळीवर, बुद्धाच्या मूर्तीशेजारी असायची. जेवणं आटोपली की प्रेमिला ती मांडीवर घ्यायची आणि हळूहळू बोटं फिरवत बसायची. डोळ्यांनी केलेलं तिचं ते शेवटचं काम होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एकोणऐंशी साली दसऱ्याच्या आधी घराला चुना मारताना फळी हलवली आणि गाडी खाली आली. एक चाक निखळलं. प्रेमिलेनं जमीन चाचपून चाक शोधलं, गाडी आणि चाक दोन्ही देवरावाच्या हातात दिलं आणि म्हणाली, "येवढं चाक चिकटवून दे गा देवा."

देवरावाला काय आनंद झाला! इतक्या वर्षांत ताईनं पहिल्यांदा तोंडानं काही मागितलं होतं. तो गाडी दवाखान्यात घेऊन गेला. चाकाचं काम चहा निवायच्या आत झालं. तिथंच थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण त्याचं बोट गाडीवरून फिरलं. कवळी करणाऱ्याचं बोट ते. कवळीवर मोहरीएवढं जरी खरबरीत राहिलं तर तोंडात जखम होते, म्हणून प्रत्येक कवळी पोचती करण्याआधी देवराव डोळे मिटून तिच्यावर बोट फिरवायचा आणि जिथं अडेल तिथं घासायचा. वीस वर्षांत त्या बोटाला खरबरीतपणा सोसेनासा झाला होता. गाडीवर तर ते पावलोपावली अडत होतं. त्यानं गोंदाचा गोळा पात्यानं कापून काढला. दार सोडवून सरळ बसवलं. कवळीचं ते उग्र वासाचं पाणी आधी गाडीच्या पोटाशी लावून पाहिलं, त्यानं प्लॅस्टिक विरघळतं हे कळल्यावर ते अगदी बेतानं वापरलं. फटी बुजवल्या, ओल्या पॉलिशपेपरनं सगळं अंग घासलं, आणि शेवटी हिरव्या रंगाचे दोन पातळ हात दिले. जेवणाच्या सुट्टीत, काम सुटल्यावर, तो गाडीपाशीच असायचा. दातांचे डॉक्टर स्वतः मागच्या खोलीत येऊन पाहून गेले आणि विलायतेहून आत्ताच आल्यासारखी दिसते म्हणाले. देवरावाचे डोळे भरून आले. ताईचे डोळे काही परत देता येत नव्हते, पण त्या डोळ्यांनी जे नीट जमलं नव्हतं ते आपण नीट करून दिलं, असं त्याला वाटलं. कापसात गुंडाळून त्यानं गाडी घरी आणली.

प्रेमिलेनं ती मांडीवर घेतली. आधी तिला रंगाचा वास आला. मग बोटं चाकांवरून, दारावरून, पायरीवरून फिरली, पुन्हा फिरली.

"कोनाची होय गा हे?" तिनं विचारलं.

तुझीच, असं देवराव हसत म्हणाला. तिची बोटं पुढच्या दिव्यापाशी गेली. अंगठा तिथं काहीतरी शोधत राहिला.

"अथी माहा अंगठा होता," ती म्हणाली.

मग तिनं ते सांगितलं, कोणालाच न सांगितलेलं. तो दिवा चिकटवताना सारखा घसरत होता आणि तिला नीट दिसत नव्हतं. म्हणून गोंद भरपूर घातला आणि सुकेपर्यंत अंगठ्यानं दाबून धरला. अंगठा काढला तर गोंदात त्याचा ठसा राहिला, रेघांसकट. रोज गाडी हातात घेतली की ती त्या खळग्यात अंगठा ठेवायची. बरोबर बसायचा. आणि तो बसला की तिला दारातला संध्याकाळचा उजेड दिसायचा.

प्रेमिलेनं देवरावाकडे तोंड वळवलं आणि समजुतीच्या सुरात विचारलं की आपली गाडी फुटली का, म्हणून त्यानं कुठून तरी ही नवी आणली का. खरं सांग, मी रागावत नाही.

पळवाट तिनंच उघडून दिली होती आणि देवराव तिच्यातून पळाला. "हो ताई, फुटली," तो म्हणाला.

तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. प्लॅस्टिकच ते, एवढं जिवाला लावून घेऊ नको म्हणाली. देवरावाला वाटलं, जमीन दुभंगावी. मग ती म्हणाली, "मंग तुकडे असतीन ना? तेच आनून दे मले."

दुसऱ्या दिवशी देवराव वेळेच्या आधी दवाखान्यात पोचला. त्याच्या टेबलाखालची जमीन लख्ख होती. झाडूवाली प्रयागबाई रोज झाडते तशी तिनं कधीच झाडून नेली होती. तो कचऱ्याचं पिंप उलटं करतो आहे हे पाहून सोन्याचा दात हरवला असं समजून बिचारी त्याच्याबरोबर शोधायला बसली. गुलाबी भुकटी निघाली, प्लॅस्टर निघालं, चहाचा चोथा निघाला. हिरवी कणी एक दिसली नाही, आणि दिसली असती तरी त्या चिमूटभर भुशाला ताईचा अंगठा कसा म्हणणार होता?

घरी आला तेव्हा प्रेमिला खाटेवर बसली होती. शेजारी तिचा बटणांचा पत्र्याचा डबा होता. बटणं एका फडक्यात काढून ठेवली होती आणि मोकळ्या डब्याच्या तळाशी मऊ कापडाची घडी घातली होती. तुकड्यांसाठी.

देवराव तिच्या पायाशी जमिनीवर बसला. फुटली नाही म्हणाला. हीच तुझी गाडी, तो गोळा मी कापला, मला तो घाण वाटला. एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. पापणी ओढून पाहिली होती तिथपर्यंत तो मागे गेला, आपल्याला काहीएक कळत नव्हतं, नुसता कोटाचा माज होता, इथपर्यंत सगळं सांगून टाकलं आणि लहान पोरासारखा रडला. प्रेमिलेनं ते पूर्ण ऐकून घेतलं.

"डोळ्याचं सोड," ती म्हणाली. "मले डॉक्टरचं भेव लागे, म्हनून तुले इचारलं. काही नाई असं ऐकाचं होतं मले. ते आपल्या दोघायचं होय." मग डबा चाचपत ती म्हणाली, "गाडी मातर माही एकटीची होती."

तिनं हात पुढे केला. देवरावानं फळीवरून गाडी काढून त्या हातावर ठेवली. तिनं बोटं फिरवली नाहीत. गाडी कापडावर ठेवली, डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि डबा वर ठेव म्हणाली.

देवराव डबा हातात धरून उभा राहिला. इतकी वर्षं जी माफी मागायची हिंमत झाली नव्हती ती न मागता मिळाली होती. ह्या गाडीची माफी कशी मागायची, ते त्याला कळेना. ताईनं पुन्हा सांगितलं तेव्हा त्यानं डबा फळीवर ठेवला.